बर्फगाडीच्या कानांवरची खूण

मित्रांनो, मला चाके नाहीत. पुढे दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि पोटाखाली रबराचा रुंद पट्टा, एवढ्यावर मी बर्फातून धावत असे. कधी काळी माझा रंग पिवळाधमक होता. आता तो कुठे कुठे शिल्लक आहे, जुन्या भिंतीवर उरलेल्या रंगासारखा. माझ्या हँडलच्या दोन्ही मुठींवर रेनडियरच्या कातड्याची केसाळ आवरणे आहेत. लांबून ती कानांसारखी दिसतात. हे कान कडेला कातरलेले आहेत. पाहणाऱ्याला वाटते की उंदरांनी कुरतडले असतील. उंदरांनी माझे बरेच काही कुरतडले, पण कानांना त्यांनी कधी तोंड लावले नाही. ते कुणी कातरले आणि का, हे सांगण्यासाठी मी ही जुनी बर्फगाडी आज तुमच्याशी बोलते आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. गरम लोखंडाचा वास आठवतो आणि शेजारच्या, माझ्यासारख्याच पिवळ्या बहिणी आठवतात. पुढे जहाज, मग आगगाडी, मग ट्रक, असे करत मी इतक्या उत्तरेला आले की तिथे रस्ताच संपला. त्या संपलेल्या रस्त्याच्या टोकाला साम्मोल उभा होता. त्याने माझ्या सीटवरचे बर्फ बाहीने पुसले आणि मला घरी नेले.

साम्मोल उत्तरेकडच्या सामी जमातीचा माणूस होता. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे रेनडियरच्या कळपामागे हिंडले होते. त्याचे घर एका मोठ्या तळ्याच्या काठी होते. घरात त्याची बायको राउना होती आणि पाळण्यात मुलगी इंगा. अंगणात मुझेत होता. मुझेत म्हणजे गडद, जवळजवळ काळ्या रंगाचा रेनडियर. गळ्यात घंटा घालून तो घसरगाडी ओढायचा. साम्मोलच्या लग्नात नवरीला त्यानेच ओढून आणले होते.

राउनाने मला पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

"ही काय खाते?"

"पेट्रोल आणि तेल," साम्मोल म्हणाला.

"आणि रानात संपलं तर? मुझेत बर्फ उकरून खालचं शेवाळ खातो. हिला उकरता येतं का?"

"मुझेतला जिथं जायला दिवस लागतो तिथं ही कॉफी निवायच्या आत पोचते."

"तुझी कॉफी आत्ताच निवलीय," राउना म्हणाली आणि आत गेली.

पहिल्याच हिवाळ्यात मी साम्मोलला तोंडघशी पाडले. कडाक्याची थंडी होती. अशा थंडीत हवा दाट होते आणि इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल लागते. ते हवा आणि पेट्रोल एकत्र करण्याचे काम माझा कार्बुरेटर करतो. साम्मोलला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते. त्यात पिठासारखे भुरभुरीत बर्फ माझ्या घशात ओढले गेले आणि तिथेच गोठले. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मी खोकले, धाप लागल्यासारखी झाले आणि थांबले. साम्मोल पायाला स्की बांधून घरी गेला. दुसऱ्या दिवशी राउना आली, मुझेतला घेऊन. तिने माझ्या नाकाला दोर बांधला, दुसरे टोक मुझेतच्या गळपट्ट्याला बांधले आणि त्याने मला गावातून ओढत नेले. लोक दारात उभे होते.

"साम्मोल, कुणी कुणाला ओढायचं ठरलं होतं?" एकाने विचारले.

"पाळीपाळीने," साम्मोल म्हणाला. पण त्याची मान खाली होती.

त्या दिवसापासून त्याने मला समजून घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी तो माझा कार्बुरेटर काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणायचा आणि जुन्या कापडावर एकेक भाग मांडायचा. त्यात एक लहानसे पितळी जेट असते. त्याच्या बारीक भोकातून पेट्रोल आत येते. भोकात कचरा अडकला की इंजिन उपाशी राहते. तार घालून भोक साफ करावे असे कुणालाही वाटेल, पण तारेने भोक मोठे होते आणि मग इंजिन अधाशासारखे पेट्रोल पिते. एकदा साम्मोल अशाच बुजलेल्या भोकाला डोळा लावून बसला होता, तेव्हा राउना समोर बसून कातडी बूट शिवत होती. बूट शिवायला ती रेनडियरच्या कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाशी बांधणाऱ्या तंतूंचा, धागा वापरायची. कंडरा वाळवून, दातांनी चिरून, गालावर वळून ती तो धागा करत असे. तिने एक तंतू तोडला, टोक ओले करून निमुळते केले आणि त्याच्यापुढे धरला. तो तंतू भोकातून अलगद आरपार गेला. त्यानंतर माझा घसा नेहमी राउनाच्या धाग्यानेच साफ झाला.

ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा रंग पाहायलाही साम्मोल शिकला. प्लग काजळीने काळा पडला की पेट्रोल जास्त होते आहे, पांढरा पडला की कमी. कॉफीत दूध घातल्यासारखा तपकिरी दिसला की साम्मोल समाधानाने तो परत बसवायचा.

तेलाचा मात्र घरात रोज तंटा होता. माझ्या जातीच्या गाडीला तेलाची वेगळी टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. पेट्रोलबरोबर जेवढे तेल येईल तेवढ्यावरच आतला दट्ट्या वर-खाली सरकतो. थंडीत तेल काकवीसारखे घट्ट होते. तसेच ओतले तर ते मिसळत नाही, डब्याच्या तळाशी जाऊन बसते आणि टाकीत नुसते पेट्रोल पडते. म्हणून साम्मोल तेलाचा डबा चुलीजवळ, ब्रेडच्या फळीखाली ठेवायचा. रानात जाताना तो डबा कोटाच्या आत, पोटाशी धरून न्यायचा.

"मला कधी एवढं जवळ धरून हिंडला नाहीस," राउना म्हणायची.

"तू गोठत नाहीस."

"ब्रेडला वास येतो त्या तेलाचा. काढ बाहेर तो डबा."

साम्मोल हसायचा आणि डबा तिथेच राहायचा. का राहायचा, हे त्याने कधी सांगितले नाही. तो फार बोलणारा माणूस नव्हता. टेबलाखाली खेळणाऱ्या इंगाने एवढेच ऐकले की आईला तेलाचा वास चालत नाही.

मी कामाला लागले तसा मुझेत रिकामा झाला. आधी तो अंगणात माझ्या शेजारी उभा राहायचा आणि माझ्या तापलेल्या अंगाशी नाक आणून फुरफुरायचा. मग त्याला घसरगाडीला जुंपणे बंद झाले. ओढणारा रेनडियर ओढत नसेल तर त्याला हिवाळाभर पोसणार कोण? एका शरद ऋतूत साम्मोल त्याला घराच्या मागे घेऊन गेला आणि एकटाच परत आला. राउना दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. मित्रांनो, मी यंत्र आहे, तरी त्या दोन दिवसांतली अंगणातली शांतता मला अजून ऐकू येते.

हिवाळा लागला तेव्हा ती बाहेर आली. तिच्या हातात काळ्या कातड्याची दोन आवरणे होती. मुझेतच्या पायांच्या कातड्याची. हँडल धरताना साम्मोलची बोटे गोठू नयेत म्हणून तिने ती शिवली होती. ती माझ्या मुठींवर चढवून तिने घट्ट बांधली. हँडलच्या मधोमध मुझेतची घंटा अडकवली. मग ती पहिल्यांदा माझ्या सीटवर बसली आणि हळूच म्हणाली, "चल, मुझेत."

साम्मोल जवळ नसला की ती मला याच नावाने हाक मारायची.

पुढची वर्षे माझी सुखाची होती. मी जळण आणले, तळ्याच्या बर्फाखाली माशांसाठी लावलेली जाळी आणली, अडलेल्या बाईकडे सुईणीला नेले. इंगा दूरच्या, वसतिगृहाच्या शाळेत जायला लागली तेव्हा दर सोमवारी तिला बसपर्यंत मीच पोचवायचे. ती साम्मोलच्या पाठीला चिकटून रडायची आणि घंटा वाजत राहायची. कळप वळवताना मी सगळ्यांच्या पुढे असे. "साम्मोलची पिवळी एका ओढीत सुरू होते," असे लोक म्हणायचे. मी अभिमानाने फुगून जायचे.

त्या कळपातल्या साम्मोलच्या जनावरांच्या कानांवर त्याची खूण असे. उजव्या कानाचे टोक सरळ छाटलेले आणि त्याखाली एक खाच. डाव्या कानाचे टोक माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले. ही खूण त्याच्या आजाकडून आली होती. डोंगरावर हजारो जनावरे एकत्र चरतात. त्यांत कोणते कुणाचे, हे कानच सांगतात. ज्या घराची खूण कुठल्याच कानावर उरत नाही, ते घर डोंगराच्या दृष्टीने संपलेले असते. इंगा लहान असताना साम्मोल तिला बर्चच्या सालीचे कान करून द्यायचा आणि ती सुरीने त्यांवर खूण कापायची.

मग नवी गाडी आली. काळी, झोकदार, तेलाची स्वतंत्र टाकी असलेली. मला लाकडाच्या खोपटात जावे लागले. वाईट वाटले, पण साम्मोलने मला टाकून दिले नाही. हिवाळ्यात जळण आणायला तो मला अधूनमधून बाहेर काढायचा. दर वसंतात तो यायचा, कार्बुरेटरमधले पेट्रोल काढून तो कोरडा करायचा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून दोरी ओढायचा, उंदीर शिरू नयेत म्हणून धुराड्यात चिंधी कोंबायचा आणि माझा पट्टा जमिनीला लागू नये म्हणून मला दोन ओंडक्यांवर ठेवायचा.

एका वर्षी तो आला नाही. छातीचे दुखणे होते. बर्फ वितळायला लागले तेव्हा त्याला दवाखान्यात नेले आणि तो परत आला नाही. नवी गाडी विकली गेली. त्या वसंतात माझे पेट्रोल कुणी काढले नाही. ते माझ्या घशात हळूहळू सुकले, चिकट झाले आणि हिरवट राळेसारखे घट्ट बसले. धुराड्यात चिंधी नव्हती. उंदरांच्या किती पिढ्या माझ्यात जन्मल्या, मला सांगता येणार नाही.

राउनाचा कळपही असाच आटत गेला. काही जनावरे विकली. काही रानटी श्वापदांनी खाल्ली. एका हिवाळ्यात पाऊस पडून शेवाळावर बर्फाचा थर गोठला आणि उकरून उकरून कित्येक उपाशी मेली. शेवटी त्या खुणेची एकच मादी उरली, पांढऱ्या नाकाची, म्हातारी. इंगा दूर दक्षिणेच्या शहरात दवाखान्यात नोकरी करायची आणि वसंतात, ईस्टरच्या सणाला, घरी यायची.

अशाच एका ईस्टरला, दुपारी, आन्ते आला. आन्ते साम्मोलचा पुतण्या, आता स्वतःच पिकल्या दाढीचा. तो खोपटाच्या दाराशी बर्फ झटकत होता आणि राउना व इंगा पायरीवर उभ्या होत्या. म्हणून त्यांचे बोलणे मला ऐकू आले.

"काकू, तुझी पांढऱ्या नाकाची सापडली. मागं पाडस आहे. गेल्या वर्षीचं. चांगलं वाढलंय."

"कान?" राउनाने विचारले.

"कोरे."

राउना पायरीवर बसली. मित्रांनो, पाडस ज्या मादीच्या मागे चालते, तिच्या मालकाचे ते असते. पण नवे पाडस व्हायची वेळ आली की आई जुन्याला हाकलून देते. मग कोऱ्या कानांचे ते पाडस कुणाचे हे कुणी सांगू शकत नाही. ते सगळ्यांचे ठरते, म्हणजे त्या घराचे राहत नाही. आणि ती वेळ आता काही दिवसांवर आली होती.

"मी कापू का खूण? सुरी आहेच," आन्ते म्हणाला.

"हात लावू नकोस."

"काकू, माझ्या हाताने कापली तरी खूण तीच ना?"

"शेजाऱ्याने येऊन चूल पेटवली म्हणजे घर नांदतं असं नाही. इंगा कापेल. तिच्या हातून लागली की खूण तिची. मग मी मोकळी."

इंगा हसली. "आई, मी जन्मात एक कान कापलेला नाही."

"बर्चच्या सालीचे किती कापलेस. हात विसरत नाही."

आन्ते दाढी खाजवत राहिला. "मग उद्या सकाळी या. तळ्यापलीकडच्या कुंपणात ठेवतो दोघांना. पण बर्फाचं वरचं कवच टणक आहे तोवरच. ऊन चढलं की कळप पाडसं जन्मतात त्या डोंगराकडं निघतो आणि तुझी म्हातारी कुंपणबिंपण मानत नाही. मी न्यायला आलो असतो, पण तिकडं माझा भाऊ एकटा आहे. आणि गावात एकही गाडी उरलेली नाही, सगळ्या कळपामागं."

राउनाने खोपटाकडे पाहिले. "एक आहे."

"काकू, तिच्यात उंदीर राहतात."

"त्यांना सांगते, घर बदला."

त्या दोघींनी मला ओढून उजेडात काढले. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडले. इंगाने दोरी ओढली. मी नुसती कण्हले. तिने पुन्हा ओढली.

"थांब," राउना म्हणाली. "तुझा बाप आधी प्लग बघायचा."

प्लग कोरडा होता. म्हणजे पेट्रोल आत येतच नव्हते. इंगाने हवेच्या पेटीतून उंदरांचे घरटे काढले. त्यात माझ्याच सीटचा कापूस होता. मग कार्बुरेटर टेबलावर गेला, जुन्या जागी. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे दिसत होते. त्यांनी तळाची वाटी उघडली तर आत हिरवी राळ. ताज्या पेट्रोलने ती धुतली, नखाने खरवडली. आत पेट्रोलवर तरंगणारा गोळा अडकला होता, तो राउनाने सुरीच्या मुठीने हलकेच ठोकून सोडवला. जेटचे भोक मात्र पूर्ण बुजलेले होते. इंगा तार शोधू लागली.

"तार नको," राउना म्हणाली. ती आत गेली आणि शिवणाच्या डबीतून धागा घेऊन आली. तंतू तीन वेळा चुकला, मग आत गेला. तिने जेट आकाशाकडे धरून पाहिले आणि इंगाला दाखवले. भोकातून निळा ठिपका दिसत होता.

टेबलावरच त्यांनी पेलाभर पेट्रोलमध्ये तेल मिसळले आणि माझ्यात ओतले. इंगाने दोरी ओढली. एकदा. दुसऱ्यांदा. आणि मी जागी झाले. निळ्या धुराचा लोट निघाला, अंग थडथडले आणि घंटा वाजू लागली. राउनाने माझ्या कानावर हात ठेवला. बराच वेळ तिने तो हात काढला नाही.

"तेलाचा डबा आत ने," मला बंद करताना ती इंगाला म्हणाली. इंगाने नेला. चुलीजवळ ठेवलासुद्धा. पण राउना झोपायला गेल्यावर इंगाने ब्रेडच्या फळीकडे पाहिले, लहानपणापासून ऐकलेले आईचे बोलणे तिला आठवले, आणि आईला त्रास नको म्हणून तिने तो डबा उचलून बाहेर पायरीवर आणून ठेवला. मी खोपटाच्या दारातून पाहत होते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

ती रात्र फार थंड होती. तशी थंडी हवीच होती, कारण तिच्यामुळेच सकाळी बर्फाचे कवच दगडासारखे झाले. पहाटे इंगाने घाईघाईने पेट्रोलच्या डब्यात तेल ओतले. ते जाड धार होऊन खाली गेले. तिने डबा दोनदा हलवला आणि माझी टाकी भरली. साम्मोलची सुरी तिच्या कमरेला होती. राउना मागे बसली, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. उरलेल्या पेट्रोलचा डबा दोघींच्या मध्ये होता.

"चल, मुझेत," राउना म्हणाली.

आम्ही निघालो. गोठलेले तळे पांढरे, सपाट, चकचकीत होते. मी इतकी हलकी कधीच धावले नव्हते. धूर नाही, खोकला नाही. आवाज उंच आणि स्वच्छ. इंगा हसत होती. "आई, ही नव्यासारखी पळतेय."

मला मात्र कळत होते. माझ्या आत काहीतरी कोरडे आणि गरम होत होते. तेल न मिळालेले इंजिन शेवटी शेवटी असेच गोड पळते. पलीकडचा काठ दिसत होता. कुंपणाच्या काठ्या दिसत होत्या. काठ्यांशेजारी आन्तेची उभी आकृती दिसत होती, मुंगीएवढी. तेवढ्यात दट्ट्या भिंतीला धरून बसला. एक कर्कश आवाज झाला, पट्टा अडकला आणि मी घसरत जाऊन थांबले. घंटा थोडा वेळ वाजली आणि तीही थांबली.

इंगाने दोरी ओढली. ती हललीच नाही. तिने प्लग काढला. तो पांढराफटक होता, त्यावर तेलाचा अंशही नव्हता. राउनाने मधला डबा उचलला आणि बर्फावर हळूहळू उलटा केला. आधी पेट्रोल सांडले. ते संपल्यावर तळातून तेलाचा एक जाड, काळपट लोळा सरकत बाहेर आला आणि बर्फावर पडून राहिला.

"डबा रात्री कुठं होता?" राउनाने विचारले.

"बाहेर. तुला चालत नाही ना वास, स्वयंपाकघरात."

राउनाने रिकामा डबा त्या तेलाशेजारी ठेवला. मग म्हणाली, "हो. मीच म्हणायचे तसं."

पायी निघावे तर राउनाच्याने ते होणार नव्हते. "तू जा," ती म्हणाली. इंगा धावत निघाली. पण ऊन वर आले होते. थोड्याच अंतरावर कवच मऊ झाले आणि तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. ती उठली, पुन्हा रुतली, पुन्हा उठली. मागून राउनाने हाक मारली, "इंगा, परत ये."

मग समोरच्या उतारावर काहीतरी हलले. आधी एक करडी रेघ, मग सगळा उतारच चालू लागल्यासारखा. कळप निघाला होता. कुंपणातून एक जनावर उडी मारून बाहेर पडले आणि त्याच्या मागून दुसरे, लहान. इतक्या लांबून नाक पांढरे आहे की नाही हे दिसत नव्हते. राउनाने पाहायचा प्रयत्न केला नाही. दोन्ही जनावरे कळपात मिसळली, कळप डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे गेला आणि तळ्यावर पुन्हा काहीच हलेना.

इंगा परत येऊन माझ्या सीटला टेकून बसली. ती रडत होती.

"सुरी काढ," राउना म्हणाली.

"आता कशाला?"

राउनाने माझ्या उजव्या मुठीवरचे आवरण हातात धरून ताणले. "हा मुझेत आहे. त्याच्या कानांवरही हीच खूण होती. ज्या कानांवर होती ते गेले. हे आहेत. काप."

"आई, ही गाडी आहे."

"ठाऊक आहे मला. काप."

इंगाने डोळे पुसले. उजव्या आवरणाचे टोक तिने सरळ छाटले आणि खाली खाच घेतली. डाव्याचे टोक माशाच्या शेपटीसारखे दुभंगले. हात विसरला नव्हता. राउनाने दोन्ही कानांवरून अंगठा फिरवून पाहिले, जसे साम्मोल पाडसाच्या कानावरून फिरवायचा.

"खोल गेलीय थोडी," ती म्हणाली. "पण कळते."

काळे केस बर्फावर पडले होते. वाऱ्याने ते नेले.

दुपार कलल्यावर आन्ते त्याच्या गाडीवरून, काठाकाठाने फेरा घालत आला. त्याने माझ्याकडे पाहिले, बर्फावरच्या तेलाकडे पाहिले आणि टोपी काढली.

"मी थांबलो होतो, काकू. पाडस धरून ठेवलं होतं बराच वेळ, सोडून तुमच्याकडं येता येईना. सुरी हातात होती." "पण तू म्हणाली होतीस, हात लावू नकोस. नाही लावला."

राउनाने त्याच्या बाहीवरचे बर्फ झटकले.

"बरं केलंस," ती म्हणाली.

त्याने माझ्या नाकाला दोर बांधला आणि मला ओढत घरी नेले. पहिल्या हिवाळ्यात मला मुझेतने ओढले होते. तेव्हा लोक हसले होते. या वेळी दारात कुणी नव्हते.

पांढऱ्या नाकाची मादी त्यानंतर कुणाला दिसली नाही. शरद ऋतूत कोऱ्या कानांची काही पाडसे सापडली. त्यांतले ते कोणते, हे कुणी सांगू शकले नाही. राउनाने विचारलेही नाही. पुढच्या हिवाळ्यात, सूर्य उगवत नाही त्या दिवसांत, ती गेली. शेवटपर्यंत ती अधूनमधून खोपटात यायची, माझ्या सीटवर बसायची आणि घंटेला बोट लावायची.

आता त्या घराची खूण जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या कानांवर. ज्या मुझेतची जागा मी घेतली, त्याचेच कान मी वागवते. माझे इंजिन कायमचे जाम झाले आहे आणि ते सुरू होणार नाही.

मित्रांनो, माझी काळजी घेणारा माणूस फार चांगला होता. पण आपण काय करतो आणि का करतो, हे तो कुणाला सांगून गेला नाही. त्याचे कष्ट त्याच्या हातांतच राहिले आणि हातांबरोबर गेले. तुमच्या घरातही कुणीतरी काहीतरी जपत असेल. एखादे यंत्र, एखादे झाड, एखादे जनावर. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, हे असे का करता. ते हसतील, टाळतील. तरी विचारा. आणि तुम्ही स्वतः काही जपत असाल, तर त्याची रीत कुणाला तरी सांगून ठेवा.

इंगा अजून ईस्टरला येते. दार उघडते, चूल पेटवते, ब्रेड भाजते. माझ्या कानांवरची धूळ पुसते. गावात आता तेल मिसळून चालणारी गाडी कुणाकडेच नाही. तरीही ती आली की खोपटातून तेलाचा डबा उचलते आणि आत नेऊन चुलीजवळ, फळीखाली ठेवते. ब्रेडला तेलाचा वास येतो. ती तो तसाच खाते.